फक्त रविवारी लुकलुकणारा मॉनिटर

प्रिय नूपुर,

मॉनिटर सुधारला. नवा पाठवू नकोस, मागवला असशील तर आजच रद्द कर. फोनवर सांगायचं सोडून आई पत्र काहून लिहून राहिली, असं म्हणशील. सांगते, पण आधी तुझ्या त्या डब्याची कहाणी ऐक. फार छळलं वं त्यानं!

मोठ्या स्क्रीनवर तुझा चेहरा मोठा दिसला तर बाबा नीट ओळखतील, म्हणून तू तो पाठवलास. अगदी बरोबर केलंस. फोनवर ते नुसते माझ्या बोटांकडे बघत बसायचे. रविवारी मॉनिटरवर तू आलीस की मात्र ताठ होतात, शर्टाचं वरचं बटण लावतात. आठवड्यातला तेवढाच त्यांचा तास, आणि मेला नेमका तेव्हाच लुकलुकायचा. तू "बाबा, जेवलात का" म्हणेस्तोवर चित्र थरथरायचं, काळं व्हायचं, परत यायचं. बाबा कावरेबावरे होऊन मला विचारायचे, गेली का ती?

तू सांगितलंस ते सगळं केलं. वायर दाबली, काढून पुन्हा लावली, सीताबर्डीवरून नवीन आणली. सेटिंगमध्ये जाऊन तो आकडासुद्धा बदलला, चष्मा नाकावर चढवून. शेवटी चौकातल्या ओमप्रकाशनं दुकानात नेऊन दिवसभर चालू ठेवला, तर तिथं हा शहाण्या मुलासारखा! काकू, तुम्हाला वहम झालाय, म्हणाला. घरी आणल्यावर मी सोमवारी त्यावर मालिका पाहिली, ठणठणीत. रविवार आला की पुन्हा तेच. याचं तुझ्याशीच काही वैर आहे, असं वाटायला लागलं होतं मला.

इकडं ऊन सुरू झालंय. मनीषनगरच्या रस्त्यावर दुपारी कुत्रंही दिसत नाही. होळी झाली तसा कूलर माळ्यावरून काढला, वाळ्याची नवीन खस लावली. पहिलं पाणी सोडलं आणि तो ओला वास घरभर झाला, तेव्हा तुझी फार आठवण आली गं. बारावीत रामदासपेठेतल्या क्लासवरून तू भर दुपारी स्कूटीवर यायचीस, तोंडाला ओढणी गुंडाळून, नुसते डोळे दिसायचे. गेटची कडी वाजली की बाबा झोपेतून उठायचे आणि कूलरची गाडी ढकलत ढकलत त्याचं तोंड तुझ्या खुर्चीकडं करायचे. "पोरगी उन्हातून आली, तिले हवा लागू दे!" मी स्वयंपाकघरात घामानं निथळत असायची, माझ्याकडं कधी कोणी कूलर फिरवला नाही. हेवा वाटायचा, खरंच सांगते. आणि तू कूलरला तोंड लावून "आऽऽऽ" करत बसायचीस, आवाज थरथरतो म्हणून.

तर गेल्या रविवारी मी वैतागून स्क्रीनपुढं बसलेच नाही. मागं दाराशी स्टूल टाकलं आणि वायरींवर डोळे लावून बसले. तुझा आवाज आला, "बाबा!" तसे हे उठले. भिंतीला धरत खिडकीशी गेले, कूलरचं बटण दाबलं, आणि त्याची गाडी ओढत ओढत त्याचं तोंड थेट मॉनिटरकडं केलं. तुझ्याकडं. घर्रर्र करून मोटार लागली आणि तुझा चेहरा लुकलुकायला लागला.

मी कपाळावर हात मारून घेतला. एकाच बोर्डावर दोन्ही! सोमवारी मालिका पाहिली, तेव्हा कूलर बंदच होता. आपल्या जुन्या टीव्हीवर नाही का, कूलर लावला की रेघा यायच्या, आणि मॅचच्या वेळी तुमची बापलेकीची जुंपायची? त्या घरघरीची कानाला इतकी सवय झाली आहे, की ती सुरू कधी होते ते कळतच नाही. मध्येच मी मागं दाराशीही दिसेना, तू घाबरून हाका मारल्यास, तेव्हा मी मॉनिटरची पिन काढून आतल्या खोलीच्या बोर्डात लावत होते. मग कशी स्वच्छ दिसलीस! काय केलंस, विचारलंस, तर मी म्हटलं वायर बदलली. शेजारी बाबा होते, त्यांच्यासमोर काय सांगू? घरातून फोन केला तरी ते जवळ येऊन ऐकतात, म्हणून हे पत्र.

तुझा फोन संपल्यावर संध्याकाळपर्यंत त्यांनी कूलर हलवू दिला नाही. काळ्या स्क्रीनला हवा घालत बसले. ती आत पाणी प्यायला गेली आहे, येईल, म्हणाले. दिवेलागणीला मी चहा दिला, तर कसे अदबीनं म्हणाले, "बाई, तुम्ही आता घरी जा, दिवसभर दमल्या. माही पोरगी आहे घरात." आत जाऊन रडले मी, लपवत नाही. मला ते विसरले, नूपुर. तू अजून आहेस. किती दिवस, ते डॉक्टरही सांगत नाहीत. तू दिवाळीला येते म्हणालीस, पण दिवाळीला कूलर माळ्यावर असतो गं, पोत्यात गुंडाळून. मे महिन्यात ये. भर दुपारी ये, कोपऱ्यावरच उतर, ओढणी गुंडाळ तोंडाला, आणि गेटची कडी जोरात वाजव. मी त्यांना आधी काही सांगणार नाही. कडी ऐकून ते उठतात का, ते आपण दोघी बघू.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
आई