उजव्या हातातल्या बांगड्या

जयंतीताई,

हे पत्र काही मी पार्ल्याला पाठवणार नाही. माझ्या निधीला दिसत नाही म्हणून तुम्ही एवढं करता, तुम्हाला कुठल्या तोंडाने बोलू?

बोटांनी चाचपून वाचायच्या तुमच्या पुस्तकांत आधी कापसाचा बर्फ असायचा, लोकरीचं अस्वल असायचं. तुम्हीच म्हणालात, "हर्षला, या वेळी तुमच्या खारदांड्याच्या कोळीवाड्याचं पुस्तक करू." मग मी खरं जाळं कापून चिकटवलं, सासूबाईंची बाहुली शिवली आणि तिच्या डाव्या हातात बारक्या बांगड्या लावल्या. उजवा हात मी विसरले असं तुम्हाला वाटलं. मुलांसाठी प्रती करताना तुम्ही सगळ्या पुस्तकांत तिथेही बांगड्या शिवल्यात.

विसरले नव्हते मी. सासूबाईंनी लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला दिल्या, नवऱ्याला सांभाळ म्हणून. आमच्याकडची जुनी रीत आहे ती. त्या हातात त्यांनी पुन्हा कधी काच घातली नाही.

काल पुस्तक घरी आलं. निधीने बाहुलीचे दोन्ही हात चाचपले आणि विचारलं, "आजी, दर्याने तुझ्या बांगड्या परत दिल्या? मग आता आजोबांना कोण सांभाळणार?"

सासूबाई उठल्या. कात्री घेऊन त्यांनी त्या बांगड्या उसवल्या आणि दारात जाऊन बसल्या. सासऱ्यांची बोट परवाच किनाऱ्याला लागायला हवी होती.

माझा यातल्या कशावर विश्वास नाही, ताई. पण हे पत्र मी पाठवतेय. बाकीच्या पुस्तकांतल्या उजव्या हाताच्या बांगड्याही तेवढ्या आजच उसवा.

तुमची,
हर्षला