ओवाळणीच्या पाकिटातली मजुरी

कामाचे पैसे ओवाळणी म्हणून देतात, हे मी या वयात पहिल्यांदा पाहिलं. भाऊबीजेला सावनीनं तुला ओवाळलं, तू ताटात जाड पाकीट टाकलंस आणि सगळ्यांदेखत म्हणालास, "ले, तेरा हिसाब भी हो गया." तुझी आई कौतुकानं हसली. पोरीनं पाकिटाला बोटसुद्धा लावलं नाही. ताट देव्हाऱ्यापुढे ठेवून ती आत निघून गेली आणि तू बासुंदीची दुसरी वाटी मागितलीस.

प्रिय धैर्यशील, हे लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. एकाच शहरात मानक नगरातून गोमती नगरला पत्र धाडणारी म्हातारी सटकली आहे असं तुझ्या ऑफिसातली पोरं म्हणतील. म्हणू देत. फोनवर तू "हाँ आजी, हाँ आजी" करतोस आणि तिकडे दुसऱ्याशीच बोलत असतोस. माझी शाळा चौथीत संपली, तेव्हा चुका काढत बसू नकोस, मुद्दा वाच.

इकडची खबर म्हणजे तुझ्या राघवकाकाची शुगर वाढली आहे, तरी सकाळी दूध आणायच्या नावानं जाऊन खस्ता कचोरी खाऊन येतो. आपल्याला कळत नाही असं त्याला वाटतं. त्याची लेक, आपली सावनी, मात्र जेवायला बसते आणि ताटात नुसती बोटं फिरवते. विचारलं तर म्हणते, "जाने दो आजी, दादा है अपना." दादा आहेस म्हणून तर गप्प आहे ती. परका असता तर दारात जाऊन भांडली असती, तेवढी जीभ तिनं माझ्याकडून घेतली आहे.

तुझं ते लॉनवाल्यांचं ॲप आमच्याच बैठकीत उभं राहिलं. सहालग आला, म्हणजे इथला लग्नांचा हंगाम सुरू झाला, की एका लॉनवर एकाच दिवशी दोन वराती यायच्या आणि बँडवाल्यांची मारामारी व्हायची. ते थांबवायची अक्कल तुझी, हे मी कबूल करते. गोड बोलून लॉनवाले जमवलेस तेही तूच. पण आतली सगळी यंत्रणा सावनीनं एकटीनं बांधली. बंगळूरची नोकरी हातात होती तिच्या. तू माझ्या पलंगावर पाय दुमडून बसलास आणि म्हणालास, नोकरी कसली करतेस, फ्रीलान्सर म्हणून माझं काम कर, आत्ता थोडं घे, प्रॉफिट आलं की बराबरीचा हिस्सा. तिनं बंगळूरला नकार कळवला. परक्याला दिलं असतंस त्याच्या निम्म्यात ती राबली, आणि तू आलास की वर चहाही तिनंच टाकला.

माझ्या मोतीबिंदूच्या वेळी आठवतं? तू फुलांचा गुच्छ पाठवलास, कार्डावर ऑफिसचा शिक्का. मी आत टेबलावर, सावनी बाहेर बाकावर लॅपटॉप घेऊन, कारण कुठल्याशा लॉनचं बुकिंग अडकलं होतं आणि तू तिला सारखे फोन करत होतास. नर्स ओरडली तिच्यावर. डोळ्यावर पट्टी घेऊन मी बाहेर आले तर ही एका हातानं मला धरते आहे आणि दुसऱ्या हातानं तुझं दुकान सांभाळते आहे.

मग प्रॉफिट आलं. तुझी गाडी आली, काचेचं ऑफिस आलं. मी हिश्शाचं काढलं तर मला शिकवतोस, "फ्रीलान्सर को प्रॉफिट थोड़े ही देते हैं, आजी, समझा करो." समजते रे. माझ्या माहेरी दुसऱ्याची जमीन अर्धेलीनं कसायचे. पीक खळ्यावर आलं की मालकासमोर मापानं वाटणी व्हायची, निम्मं त्याचं, निम्मं कसणाऱ्याचं. कसणाऱ्याच्या बायकोला साडी देऊन धान्य घरी नेणारा मालक आमच्या गावात कुणी पाहिला नव्हता. तो आमच्याच घरात जन्मायचा होता.

आता कंपनी दिल्लीवाल्यांना विकतो आहेस. हे बनवलं कुणी, असं त्यांनी विचारलं तर तू म्हणालास, "हमारी टीम ने." सावनीचं नाव तोंडातून निघालं नाही. हे मला तुझ्याच आईनं अभिमानानं सांगितलं. आणि गेल्या आठवड्यापासून तू मला लाडीगोडी लावतो आहेस, की आजी, कागदावर सही कर, कॅमेऱ्यापुढे नुसतं "हो" म्हण. कशासाठी ते मी राघवकडून वाचून घेतलं. कंपनी काढायला दोन माणसं लागत होती, तेव्हा बहिणीचं नाव घालायचं सोडून तू माझं घातलंस, म्हातारी काही विचारणार नाही म्हणून. तर त्या कागदावर चार आणे हिस्सा माझा निघाला आणि माझ्या सहीशिवाय तुला विकता येत नाही. मी सही करणार आहे, पण एकाच कागदावर. माझा सगळा हिस्सा सावनीच्या नावावर करायचा कागद बनवून आण. मग दिल्लीवाल्यांना विकायचं की नाही, हे तुला तिलाच विचारावं लागेल. तिला यातलं काही माहीत नाही, मी सांगणारही नाही आणि राघवलाही तसं बजावलं आहे. ते तूच सांगायचंस.

तुझीच, पण तुझ्या बाजूची नसलेली,
आजी

उत्तर मला लिहू नकोस. वकिलाला पाठवू नकोस, आईला तर मुळीच नाही. तू स्वतः ये, सावनीसमोर बस आणि तिला उत्तर दे.