तुमच्या नावावर ठेवलेला दगड

पैठण रोड, छत्रपती संभाजीनगर
४ एप्रिल

चिरंजीव कडूबामामा,

साष्टांग नमस्कार. मामाला कुणी चिरंजीव लिहीत नाही, ते लहानांना लिहितात, हे मलाही ठाऊक आहे. पण झाल्या प्रकारानंतर तुमच्या नावाआधी दुसरं काही लावायचा धीर होत नाही. गुडघा कसा आहे? वच्छलामामींचा राग कितपत उतरला? शेळ्यांना चारा जवळपास मिळतो का अजून टेकडीपलीकडं न्यावं लागतं? इकडं आम्ही सगळे खुशाल. नळ आठव्या दिवशी येतो, त्या दिवशी जरा जास्तच खुशाल असतो. आमच्या इमारतीसमोर तुम्ही मागं ज्वारी पाहिली होती ना, तिथं आता सहा मजले उभे राहिलेत. नळ त्यांनाही बसवलेत, दिसायला छान आहेत.

पत्र लिहायचं कारण असं, की तुमचा फोन आठ दिवस बंद आहे. (तो ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवलाय, असं मामींनी शेजारच्या फोनवरून आईला सांगितलं. मामींना रागावू नका, त्या सांगायला नको म्हणत होत्या.) तेव्हा श्रेयाच्या लग्नपत्रिकेत तुमच्या नावाआधी 'कै.' कसं लागलं ते शांतपणे ऐकून घ्या. ऐकल्यावर मला शिव्या द्यायला तुम्ही मोकळे आहात.

आमच्या कंपनीत आम्ही लिहिण्याचं एक सॉफ्टवेअर बनवतोय. एकच मजकूर दहा माणसं दहा फोनवरून एकाच वेळी लिहू शकतात. मी म्हटलं, बहिणीच्या पत्रिकेवरच चालवून बघू. घरची पत्रिका, घरची माणसं, चुकलं तरी घरातच राहील. (हे वाक्य मी तेव्हा साहेबांसमोर फार ऐटीत बोललो होतो.) निमंत्रकांच्या यादीत पाचव्या ओळीला आजोबा, म्हणजे तुमचे वडील रामप्रसाद, आणि सहाव्या ओळीला तुम्ही. आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली, त्यांच्या नावाआधी कै. लावायचं राहिलं होतं. म्हणून मी सांगितलं, पाचव्या ओळीला कै. लाव. हा निरोप लांबच्या एका मोठ्या कॉम्प्युटरकडं जातो, तिथून दुरुस्ती होऊन परत येतो. त्या दिवशी रेंज अशी होती, की यायला दोन-तीन मिनिटं लागली.

तेवढ्या वेळात आमच्या चतुराबाई आत्यानं आपल्या फोनवरून यादी उघडली. बाबांचे चुलतभाऊ काकासाहेब तिच्या वास्तुशांतीला आले नव्हते. त्यांचं नाव दुसऱ्या ओळीत दिसलं, तिनं ते उडवलं. खालचे सगळे एकेक पायरी वर सरकले. आजोबा चौथ्या ओळीत गेले आणि पाचव्या ओळीत आलात तुम्ही. तेवढ्यात कै. परत आलं. त्याला माणूस कुठं ठाऊक, त्याला फक्त पाचवी ओळ ठाऊक.

गावात टँकर आल्यावर होतं ना, तसंच झालं. टँकरवाल्याला सांगावं, पाचव्या ड्रममध्ये नळी सोड, आणि आपण वळावं. तोवर कुणीतरी पुढचा एक ड्रम उचलून बाजूला ठेवावा. नळी पाचव्यातच पडते, पण ड्रम भलत्याचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर गेलेल्याला सोडून हयात माणसाला दिली. पत्रिकेत आजोबा ठणठणीत जिवंत, आग्रहाचं निमंत्रण देतायत. आणि त्या कच्च्या पत्रिकेचा फोटो कुणीतरी लगेच सगळ्या सोयऱ्यांना पाठवलेला.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तो फोटो बघून सांडूभाऊ दुखवट्याला आले, दारात तुम्हीच बसलेले, आणि त्यांनी डोळे पुसत खाली मान घालून तुम्हालाच विचारलं म्हणे, "कधी झालं?" तुम्ही म्हणालात, "मला बी आत्ताच कळतंय." मामा, हे ऐकून मी हसलो. मग तुम्ही नंतर जे बोललात तेही आईनं सांगितलं, आणि हसू थांबलं. "ते शहरात गेल्यापासून मी त्यायला मेल्यालोच व्हतो, आता छापून आलं एवढंच." असं म्हणालात ना?

दुसऱ्या दिवशी मी अक्कल चालवली. ज्या ओळीवर काम चालू आहे, तिला कुलूप. काम संपेपर्यंत दुसऱ्या कुणीही हात लावायचा नाही. तुम्ही नाही का रांगेत ड्रमच्या जागी दगड ठेवून शेळ्यांकडं जाता, आणि तो दगड गावात कुणी हलवत नाही? तसंच. झालं काय, आगीतून निघालो आणि फुफाट्यात पडलो. त्याच दिवशी तुम्ही रेंजसाठी खंडोबाच्या टेकडीवर चढलात, कै. खोडायला आपली ओळ उघडलीत, ओळीला तुमच्या नावाचं कुलूप लागलं, आणि खोडायच्या आतच संतापून फोन बंद केलात. ज्यानं कुलूप लावलं त्यानंच काढायचं, असं मीच ठरवलेलं. कुलूप लावून माणूस रुसून बसेल, हे आमच्या कंपनीत कुणी धरलंच नव्हतं. आता तुमच्या नावावरचा दगड तुम्हालाच उचलावा लागणार. फोन कणगीतून काढा, टेकडीवर जा, 'सोडा' असं लिहिलेलं बटण दाबा. औरंगपुऱ्यातला छापखानेवाला रोज विचारतो.

एक गोष्ट मात्र कॉम्प्युटरवर ढकलता येत नाही. तीन वर्षं दुष्काळ, तीन वर्षं तुम्ही शेळ्या घेऊन वणवण फिरताय, आणि मी दोन तासांच्या वाटेवर असून एकदाही आलो नाही. कामं होती, पण तेवढी नव्हती. ते कै. चुकून लागलं. न येणं माझं मीच केलं. मामा, मला त्याची लाज वाटते.

हे पत्र सांडूभाऊंबरोबर पाठवतोय. ते इथं छावणीच्या बाजारात शेळी विकायला आले होते. तुम्हाला भेटायला ते अजून जरा बिचकतात, त्यांना चहा पाजा. खोटी आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, तेव्हा घाई नाही, पण लग्न एकवीस तारखेला आहे.

तुमचा भाचा,
गोकुळ

ता. क. बटणाचं खोटं सांगितलं. ते कुलूप मला इथून काढता येतं आणि मी ते मंगळवारीच काढलं. पत्रिका छापून झाल्या, सोबत एक ठेवलीय, तुमच्या नावाआधी श्री. आहे. (आजोबांचं कै. त्यांच्या नावाआधी लावताना आई म्हणाली, राहू दे की घडीभर. तेवढा वेळ थांबलो.) बटणासाठी तरी फोन चालू कराल, असं वाटलं. गुरुजी 'मुलीच्या मामांनी मुलीला आणावं' म्हणतील तेव्हा दुसरा कुणी उठला तर आपण जागची हलणार नाही, असं श्रेयानं सांगून ठेवलंय. ती बोलते तसं करते, तुमच्यावरच गेलीय.

ता. क. दुसरं. खालचं आईनं लिहिलंय. मी वाचलेलं नाही असं तिला सांगितलंय.

कडूबा, गोकुळ्यानं काय लिव्हलं मला कळत नाय. लग्नाच्या आधी चार दिस ये. नळाला पाणी नाय, पण तुझ्या आंघुळीचा एक ड्रम भरून ठिवलाय. वर दगड ठिवलाय. घरातल्या कुणालाच हात लावू देत नाय. तुझी बहीण.