तुम्ही अजून आहात का?

१ जानेवारी, सकाळी

नवी रोजनिशी सुरू. बाळापूरच्या बियाण्याच्या दुकानात फुकट मिळाली. प्रत्येक पानावर सोयाबीनची जाहिरात आहे, पण खाली जागा बरीच आहे. ही कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

परिस्थिती अशी. माझं प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट, म्हणजे पीएमपी, ३१ मार्चला संपतं. ते चालू ठेवायला तीन वर्षांत साठ पीडीयू लागतात. एक तास काही शिकलं की एक पीडीयू. माझे चार झाले आहेत. तीन वर्षांतली पावणेतीन गेली, हे खरं. पण तो प्लॅनिंगचा काळ होता. प्लॅनिंगमध्ये घाई केली की प्रोजेक्ट बोंबलतो, हे मी पुण्यात अकरा वर्षं लोकांना सांगितलं.

राहिले छप्पन्न. तीन महिने. रोज एक तास केला तरी उरतात.

३ जानेवारी

प्रभूचा फोन लागला. पुण्यात आम्ही शेजारी बसायचो, आता तो मोठ्या पदावर आहे. एप्रिलमध्ये जागा निघेल म्हणाला. सर्टिफिकेट चालू असलं पाहिजे, मग बघू. प्रभूचं बघू म्हणजे हो.

बायकोला, मोहिनीला, सांगितलं, एप्रिलमध्ये परत पुणे. ती बाळापूरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, उद्याचे पेपर काढत होती. बरं म्हणाली. मग मान वर न करता विचारलं, आपल्या सृष्टीचं पाचवीचं नाव इथल्याच शाळेत घालायचं का. मी म्हटलं, ३१ मार्चपर्यंत थांब. आपण इथे सहा महिन्यांसाठी आलो आहोत. ती म्हणाली, तिसरं वर्ष चालू आहे. मी म्हटलं, तेच, एक्स्टेन्शन.

५ जानेवारी

सुरुवात झाली नाही. नेटवर्क फक्त गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ येतं. तिथे फार गार वारं आहे. सोमवारपासून.

१४ जानेवारी

संक्रांत. पहिला वेबिनार केला. विषय: तणावमुक्त नेतृत्व. टाकीला पाठ टेकून बसलो, ऊन छान होतं.

यात एक भानगड आहे. मधूनमधून स्क्रीनवर निळं बटण येतं: तुम्ही अजून आहात का? मिनिटभरात दाबलं नाही तर बाहेर काढतात आणि तास वाया जातो. मला झोप लागली होती असं नाही, डोळे मिटून ऐकत होतो. जागा झालो तेव्हा स्क्रीन काळी होती. पीडीयू शून्य. पण तणाव खरंच नव्हता.

१९ जानेवारी

डेलिगेशन. हे आधीच सुचायला हवं होतं. आई तुरीची डाळ निवडायला गच्चीवर बसतेच. तिच्यापुढे सुपाला टेकवून फोन ठेवला. निळं आलं की दाब, एवढं शिकवलं. ती दाबते आणि हात जोडते.

संध्याकाळी म्हणाली, कोन इचारून राहिलं रं सारखं, हाय का म्हनून? मी म्हटलं, अमेरिकेतली माणसं आहेत. ती म्हणाली, बरी मान्सं हायती बापा, इचारत्यात तरी.

२६ जानेवारी

आईने आठवड्यात अकरा पीडीयू कमावले. म्हणजे मी कमावले. एकूण पंधरा.

२ फेब्रुवारी

आईने काम सोडलं. डोळ्यांतून पाणी येतं म्हणते. शेजारच्या भागूबाईला सांगत होती, आमच्या बालाजीच्या डब्यातली बाई लई चांगली, पन आपलं उत्तर ऐकून घेत न्हाई, लगेच दुसरं बोलती.

दिवसभर काही केलं नाही. वाईटही वाटलं नाही. आजकाल वाटतच नाही काही, त्यामुळे वेळ वाचतो.

५ फेब्रुवारी

नियम नीट वाचले. प्रत्यक्ष काम केल्याचेही आठ पीडीयू मिळतात! फक्त एक प्रोजेक्ट हवा. बाहेर ओसरीवर आलो, तर प्रोजेक्ट समोरच रवंथ करत बसलेला.

माझ्या वडिलांची, म्हणजे आप्पांची, दीडशे मेंढरं आहेत. हरभरा निघाला की शेतकरी ती रानात बसवून घेतात. एक-दोन रात्री मेंढरं बसली की जमिनीला खत होतं. बदल्यात ज्वारी, जेवण आणि चहा. कुणाच्या रानात कधी, हे सगळं तोंडी ठरतं. शब्द दिला की झालं. आप्पा चाळीस वर्षं हे डोक्यात ठेवून आहेत. म्हणजे डॉक्युमेंटेशन शून्य. चाळीस वर्षं हा माणूस निव्वळ नशिबावर चालला आहे.

प्रोजेक्टचं नाव: मेंढरं बसवणे, फेज एक. सगळ्या शेतकऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. एक्सेल केलं, रंग भरले. आप्पांना दाखवलं. ते म्हणाले, कर बापा, तुला बरं वाटत असंल तर कर.

स्टेकहोल्डरची मंजुरी मिळाली.

१८ फेब्रुवारी

प्रोजेक्ट जोरात. आप्पा मेंढरं घेऊन जातात, परत आले की कुठे बसवली ते मी विचारतो आणि एक्सेलमध्ये भरतो. प्लॅन आणि प्रत्यक्ष काम शंभर टक्के जुळलं आहे. पुण्यात हे कधी साधलं नव्हतं.

ग्रुपवर सोनाजीकाका रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकतात. सोनाजीकाका म्हणजे आमच्या बांधाला लागून रान असलेले, आप्पांचे जुने दोस्त. बाकी कुणी काही बोलत नाही. म्हणजे समाधानी आहेत.

२७ फेब्रुवारी, दुपारी

माझ्या मते प्रोजेक्टला क्लोजर असल्याशिवाय तो प्रोजेक्ट म्हणता येत नाही. तेव्हा आज फेज एक बंद. क्लोजर म्हटलं की आभार आले. मोबाइलवर आप्पांचा फोटो घेतला, फेटा बांधलेला. फुकटच्या ॲपमध्ये झेंडूच्या माळेची एक सुंदर चौकट सापडली. फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला, प्रोफेशनल दिसतो. खाली लिहिलं: आपण सर्वांनी आजवर दिलेल्या साथीबद्दल आम्ही कायम ऋणी राहू. बालाजी व समस्त परिवार.

ग्रुपवर टाकलं आणि फोन सायलेंट करून वेबिनारला बसलो. विषय: प्रभावी संवाद. एक पीडीयू.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी

झालं ते असं. मी गच्चीवर असताना गल्लीच्या तोंडापासून गावातल्या अनुसयाबाईचा हेल ऐकू आला. मल्हारीदादाऽ, असे कसे गेलेऽ. मल्हारी हे आप्पांचं नाव. मागे आठ-दहा बायका. मग सोनाजीकाका, डोक्यावरून उपरणं घेऊन. मग शेजारच्या गावची जीप.

आप्पा ओसरीवर शेळीची धार काढत बसले होते. अनुसयाबाईचा हेल दारातच बंद पडला. आप्पांनी चरवी खाली ठेवली आणि विचारलं, कोन गेलं? सोनाजीकाकांनी फोन पुढे केला. आप्पांनी तो लांब धरून, मान मागे घेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाले, फोटू बरा हाय.

मग बसले सगळे. आल्यासारखं चहा घेऊन गेले. अनुसयाबाई जाताना आप्पांच्या दंडाला हात लावून गेली. आईने शेवटचा कप विसळला आणि मला म्हणाली, लेकरा, तुला काही तकलीफ हाय का? मी म्हटलं, काही नाही, टेम्प्लेट चुकलं. मोहिनी क्लासवरून आली तेव्हा सगळं उरकलं होतं. तिला बसस्टँडवरच कळलं होतं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

चांगली बाजू: स्टेकहोल्डर एंगेजमेंट आजवरची सर्वांत जास्त.

४ मार्च

अडचण. लांबच्या गावचे शेतकरी त्या दिवशी येऊ शकले नाहीत. त्यांनी फोटो पाहिला, हळहळले आणि मार्चच्या रात्री दुसऱ्या मेंढपाळाला दिल्या. आता आप्पा आहेत हे त्यांना कळलंय. ते खूश आहेत. पण शब्द दिला तो दिला.

मी सोनाजीकाकांना म्हटलं, ही कम्युनिकेशन एरर आहे, मागे घेता येते. ते म्हणाले, शबूद गेला म्हंजे गेला. मल्हारी जिता हाय म्हनून त्या दुसऱ्याच्या मेंढरांनी उपाशी बसावं व्हय?

म्हणजे मार्चभर मेंढरांना रान नाही. आप्पा नरसी गावाकडं जाऊन पाहू म्हणाले, आणि घोंगडी गुंडाळायला लागले. उठताना गुडघ्यावर हात देऊन उठले, मग थोडा वेळ खांबाला धरून उभे राहिले.

मला या वेळी वाईट वाटायला हवं होतं. वाटेल म्हणून थोडं थांबलो. मग म्हटलं, दोन दिवस मी पण येतो.

१३ मार्च

अजून दोन दिवस संपले नाहीत. आप्पा पुढे, मी मागे. रोज नवं गाव. प्रत्येक ठिकाणी लोक आप्पांना पाहून आधी दचकतात, मग चहा देतात. फोटो बऱ्याच लांबपर्यंत गेला आहे. एकाने आप्पांना चिमटा काढून पाहिला. आप्पा म्हणाले, काढ बापा, तुझंही समाधान होऊ दे.

रान मिळतं, पण एका रात्रीचं, मुरमाड, दुसऱ्याने नको म्हटलेलं.

चालता चालता कानात वेबिनार लावतो. टेकाडावर रेंज येते. निळं बटण आलं की थांबून दाबतो, मेंढरं पुढे जातात, मग पळतो. एकूण शेहेचाळीस. शेड्यूलच्या मागे नाही, असं म्हणता येईल.

प्रभूला मेसेज केला, प्रगती उत्तम. त्याने लिहिलं, ३१ नंतर स्टेटस पाठव. म्हणजे वाट पाहतोय.

२२ मार्च

मोहिनीचा फोन. शाळेत जागा भरत आल्या आहेत. मी म्हटलं, नऊ दिवस. ती म्हणाली, तू जेवलास का? मी म्हटलं, हो. मग दोघंही काही बोललो नाही. रेंज होती.

३१ मार्च

काल एकोणसाठ झाले. आज एकच उरला.

नरसीच्या अलीकडे जनकाबाई म्हणून एक बाई आहेत, एकट्या शेती पाहतात. त्यांनी चांगलं काळं रान दिलं, तीन रात्रींसाठी. त्यांना फोटोचं माहीत नव्हतं. आप्पांना त्यांनी सरळ विचारलं, मेंढरं कुनाची? आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. हा हाय न पोरगा, म्हणाले.

दुपारी लिंबाच्या सावलीत बसलो. रेंज पूर्ण, बॅटरी पूर्ण. विषय: बदलाला सामोरे जाताना. आप्पा शेजारी तोंडावर उपरणं टाकून झोपले होते. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. वेबिनारमधली बाई हसून बोलत होती.

बटण आलं. तुम्ही अजून आहात का? खाली आकडा, साठपासून उलटा.

मी जागा होतो, हे लिहून ठेवतो. पूर्ण जागा. अंगठा स्क्रीनपासून चार बोटांवर होता. प्रभू आठवला, पुण्याच्या ऑफिसची फिरती खुर्ची आठवली. उत्तर काय द्यायचं ते ठरत नव्हतं. एकोणीस झाले, सात झाले. मी नुसता पाहत होतो, दुसऱ्या कुणाला तरी विचारलंय असा.

मग स्क्रीन काळी झाली आणि त्यात माझं तोंड दिसलं. दाढी वाढली आहे.

कारणं: स्क्रीनवर उजेड फार होता. अंगठा मळलेला होता. हेल्पलाइनला लिहिणार, ही तांत्रिक अडचण आहे.

४ एप्रिल

घरी आलो. ईमेल आला आहे. स्टेटस: सस्पेंडेड. बंद नाही, सस्पेंडेड. एक वर्षाची मुदत देतात. वर्षात फक्त एक पीडीयू! एवढी सुरक्षित स्थिती आजवर कधीच नव्हती. मात्र तोपर्यंत नावापुढे ती अक्षरं लावता येत नाहीत, असा नियम आहे.

प्रभूला स्टेटस पाठवलं. त्याने अंगठा पाठवला, वर केलेला. सकारात्मक.

मोहिनीने विचारलं नाही. मीच म्हटलं, सृष्टीचं नाव घालून टाक, तात्पुरतं. ती म्हणाली, मागच्या आठवड्यातच घातलं. जेवायला वाढू का?

दारावरची पाटी पुण्याहून आणलेली. बालाजी मल्हारी, पीएमपी. नियम म्हणजे नियम, म्हणून काढायला गेलो. स्क्रू गंजले आहेत, निघत नाहीत. मग वर खिळ्याला घोंगडी वाळत घातली, पाटी बरोबर झाकली जाते.

आप्पांनी विचारलं, घोंगडी तिथं काहून टाकली? मी म्हटलं, तात्पुरती. ते म्हणाले, पाहाटं लागंल ती. जनकाबाईच्या भावाचं रान हाय, तुझ्या नावानं शबूद दिलाय.

मी म्हटलं, कॅलेंडर बघून सांगतो. मग पाचचा गजर लावला.