समुद्राकडे पाठ

शारजा,
८ फेब्रुवारी २०२५

लाडक्या फिरदोसला भाईचे सलाम.

तब्येत कशी आहे? गुडघ्याला तेल लावतेस की नुसतं बाटलीकडे बघतेस? इथं सगळी खुशाल. शहरबानूचं ऑफिस, मुलांच्या एक्झाम्स, माझा खोकला, सगळं जिथल्या तिथं. चिठ्ठी बघून हसशील. पण व्हॉइस नोट करायला गेलो की आवाज बसतो, म्हणून लिहितोय.

काल मुलांना खोरफक्कानला नेलं. तिथं एक छोटी टेकडी आहे, चढायला पाऊण तास पुरतो. वरून काय दिसतं म्हणून सांगू! एका बाजूला निळाशार समुद्र, बंदरातली जहाजं. दुसरीकडे डोंगरच डोंगर, गवताची काडी नाही. हा दुबईचा समुद्र नव्हे गं, हा सरळ आपल्या कोकणाकडे जातो. तहा पुढे पळत ओरडत होता, "पप्पा, यू आर सो स्लो!" मी म्हटलं, यल्ला, हो पुढं, वळणानंतर बसायला बाक आहे. बाक होताच. एमानने माझ्याकडे पाहिलं. "हॅव यू बीन हिअर बिफोर?"

मी नाही म्हणालो. चौदा वर्षांच्या पोरीला खोटं कळतं. ती तहाच्या मागे चालू लागली.

फिरदोस, मी तिथं गेलो होतो. ऑक्टोबरात, अम्मी गेली त्या दिवशी.

विमान रद्द झालं नव्हतं. बोर्डिंग पास माझ्या हातात होता. त्याआधी महिनाभर मी अम्मीचे फोन उचलत नव्हतो, कारण ती एकच विचारायची, "कधी येतोस रे?" आणि मी रजा नाही म्हणायचो. रजा होती. मला प्रवासाचा कंटाळा होता, दुसरं काही नाही. आता तिच्यासमोर कुठल्या तोंडानं उभा राहू, म्हणून गेटवरून परत फिरलो, गाडी काढली आणि त्या टेकडीवर जाऊन बसलो. फोन बंद करून.

आणि तू तिकडे मय्यत धरून बसलीस. "भाई आल्याशिवाय उचलायची नाही," म्हणून मामूंशी भांडलीस. दुपारची जोहरची नमाज गेली, अस्रची गेली. दिवस मावळताना, तुमच्या मगरिबला, विमान रद्द झालं म्हणून सांगायला मी फोन केला, तेव्हा तू विचारलंस, हा कसला आवाज? मी म्हटलं, एअरपोर्टचा एसी. वारा होता तो.

तुम्ही जनाजा उचललात तेव्हा मी तिथंच, मय्यत समोर नसताना, एकटाच गायबाना नमाजला उभा राहिलो. आपल्या गावी नमाजात समुद्र समोर असतो. त्या टेकडीवर किब्ला, मक्केची दिशा, डोंगराकडे. समुद्राकडे, तुमच्याकडे, अम्मीकडे माझी पाठ होती. खूप रडलो गं, पण त्याचं काय करायचं?

मामू अजून म्हणतात ना, फिरदोसच्या हट्टापायी मय्यत दिवसभर ताटकळली? आणि तू परवाही मलाच समजावत होतीस, "भाई, विमानाला तू काय करणार, मनाला लावून घेऊ नकोस." तुझी ती माया मला सोसवत नाही.

येत्या जुम्म्याला सगळे घरी जमतील, तेव्हा हे पत्र मामूंसमोर वाच. मोठ्यानं, काही न गाळता. अम्मीला थांबवून ठेवलं ते मी, तू नव्हेस. त्यानंतर माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. मी कारण विचारणार नाही.

ज्याची तू दिवसभर वाट पाहिलीस,
तो शौकत