हिरडेवाडीला मोटार थांबते

मु. हिरडेवाडी, संस्थान भोर
५ जानेवारी १९३५

चि. जावईबापू आनंदराव यांस ठकुबाईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

दिवाळीत अनारसे खाताना गावाचं नाव बरं पाठ होतं! पुण्याला पोचताच आजेसासू कुठं राहते तेही विसरलात व्हय? बाळाबाईला सातवा लागला. आई नसलेली नात, माझ्या हातावर वाढली. तिचं पहिलं बाळंतपण माझ्याच घरी व्हायचं, हे ज्ञानू गुरवाकडून लिहवून घ्यावं लागतंय. सांगितलेल्या शिव्या तो लिहीत न्हाई, हे तुमचं नशीब.

सातारची सडक झाल्यापासून गाव उलटं झालंय. घरांची तोंडं ओढ्याकडं होती. सगळ्यांनी मागच्या भिंती फोडून सडकेकडं दारं काढली. आता पाहुणा शिरतो तो थेट न्हाणीत! तरी या. लोभ असू द्या.

ठकुबाई


पुणे, १२ जानेवारी १९३५

ती. आजींस आनंदरावचा सा. न. वि. वि.

विसरलो नाही. पण सर्व्हिसची मोटार तुमच्याकडे थांबत नाही. कापूरहोळला उतरून दोन कोस मागे यायचं. अशा दिवसांत तिनं चालू नये, बैलगाडीचे धक्केही नकोत, असं डॉक्टर म्हणतात. अख्ख्या गावाची तोंडं फिरवलीत, एका ड्रायव्हरचं फिरवा! मोटार दारात थांबली तर पाठवतो, नाहीतर बाळंतपण इथंच. राग नसावा.

आपला आनंदराव


हिरडेवाडी, २ फेब्रुवारी १९३५

चि. आनंदराव यांस आशीर्वाद वि. वि.

शब्दाला जागा. मोटार थांबते.

चढावर तापली की तिला पाणी लागतं असं कळलं, म्हणून म्या सडकेला रांजण भरून ठेवला. ड्रायव्हर हैबती थांबला. शेजारची सोजराबाई घागर घेऊन धावली. पण दारी आलेल्याला नुसतं पाणी द्यायची आपल्यात रीत न्हाई, म्हणून तिनं गूळ कालवला. हैबती बिडी पेटवतोय तोवर घागर मोटारीच्या पोटात! मोटारीनं फेस काढला. त्यानं सोजराबाईला विचारलं, वेलदोडा का घातला न्हाई म्हणून.

दिवस मावळेपर्यंत बायांनी पाणी आणून मोटारीचं पोट धुतलं. उतारूंना पिठलं-भाकरी घातली. तरी या गावाकडं पुन्हा बघणार न्हाई म्हणून तो गेला. तुमचं पत्र आठवून मला घास गेला न्हाई. पुढं काही दिवस नुसती धूळ. मग एकदा आपणच थांबला. पाणी आधी चाखलं, मग ओतलं, अन् हळूच विचारलं, पिठलं हाय का. आता रोज थांबतो, उतारू बिचारे वाट बघतात. त्याला बजावलंय, नातीला आणताना चाक खड्ड्यात गेलं तर पिठलं बंद.

बुधवारी बसवून द्या. लोभ तुमच्यापाशीच ठेवा, नात तेवढी धाडा.

ठकुबाई

ता. क. विहीणबाईंना सांगा, तयार लाडू नकोत, मागचे फोडायला वरवंटा काढला होता. डिंक अन् खारीक तेवढी द्या. लाडू मी वळते.