ओला पंचा

३ फेब्रुवारी, रोहा
आलो एकदाचा! पुण्यात तीन वर्षं जे कोणी ऐकून घेतलं नाही, ते इथल्या नव्या हॉस्पिटलने ऐकलं. किडनी बदललेले काही पेशंट भ्रमिष्ट होतात, अंगावरच्या नळ्या उपटतात, जिवावर बेततं. माझा उपाय सोपा आहे: रोज सकाळी सातला पाऊण तास प्रखर पांढरा उजेड. शरीराला दिवस-रात्र कळू लागतात. माझ्या खोलीतून कुंडलिका नदी दिसते. लोकांकडे मात्र शब्द तीनच: कंपनी, शिफ्ट आणि नाय.

४ फेब्रुवारी
पहिला पेशंट हिरामण, पेणच्या खाडीकडचा मिठागर कामगार. दिवा लावताच पठ्ठ्याने तोंडावर ओला पंचा ओढला. निर्जंतुक खोलीत ओला पंचा! मी काढून फेकला. त्याची बायको सीताबाई दाराबाहेरून सांगू लागली, की भर उन्हात मिठाच्या पांढऱ्यात ‘तो’ उभा राहतो, म्हणून तिकडे तोंड झाकतात. आणि दुसऱ्याचा पंचा कोणी काढत नाही. अडाणीपणाला औषध नाही.

६ फेब्रुवारी
भ्रम तपासायला रोज चार प्रश्न विचारतो: नाव, वार, गाव, खोलीत माणसं किती. हिरामणची पहिली तीन उत्तरं बरोबर येतात. चौथ्याला म्हणतो, चार. होतो तिघंच: तो, मी आणि नर्स दर्शना. पंचा पुन्हा काढला. सीताबाई रडकुंडीला आली.
“सायेब, नका काढू. जो काढील त्याच्या मागं तो जातो.”
येऊ दे की, म्हटलं. इथे बोलायला तरी कोण आहे?

८ फेब्रुवारी
आज हिरामण ‘तीन’ म्हणाला. सगळी उत्तरं बरोबर! मग हात जोडून माझी माफी मागत बसला. कशाबद्दल, देव जाणे. मूर्ख.

९ फेब्रुवारी
दिवा विझवला तरी पांढरं जात नाही. डोळे थकलेत, दुसरं काय. पण त्या पांढऱ्यात कोणीतरी—

१० फेब्रुवारी
माझ्या केबिनमध्ये दर्शनाला गंमत म्हणून तेच प्रश्न मला विचारायला सांगितले. नाव, वार, गाव बरोबर. खोलीत माणसं किती? तीन, म्हणालो.
आम्ही दोघंच होतो. दर्शना हसली नाही.

११ फेब्रुवारी
हिरामणला साध्या वॉर्डात हलवलं. ठणठणीत आहे. सीताबाईने पंचा माझ्या टेबलावर ठेवला आणि गेली. मी घेतला.

१२ फेब्रुवारी
खोलीवरच आहे. दिवा हॉस्पिटलात, तरी भिंती पांढऱ्या— पंचा भिजवून डोक्यावरून ओढलाय. वहीपुरती फट. भीती वाटते. सीताबाईला विचारायला हवं होतं—
सात वाजले.
पंच्याच्या कडेला कोणाचीतरी बोटं. दर्शनाला बोलावलं होतं, तीच असेल. पण कडी तर मी आतून